जिवंत तितर

सरांनी कँटीनच्या तव्याची काजळी बोटांवर घेतली आणि माझ्या गालांना फासली. सगळ्या पोरींसमोर.

"हालू नको. जंगलातली दिसली पाह्यजे."

बारावी पास होऊन कॉलेजात आलेली आमच्या बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, मी पहिली. त्या दिवशी कार्यक्रम म्हणून इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते. सरांनी ओढणी काढायला लावली. ड्रेसवरून कमरेला पळसाची पानं बांधली. आमच्यात कोणी पानं नेसत नाही, माझ्या आजीनंही कधी नेसली नाहीत. तसं मी बोलले. सर हसले. "तुले काय मालूम?"

किन्हीराजा गावाच्या पुढे गायरानावर आमची फासेपारध्यांची चौदा घरं. गावातलं माणूस तिकडे फिरकत नाही. कुठे चोरी झाली की पोलीस येतात, तेवढंच. म्हणून कॉलेजच्या आदिवासी कार्यक्रमाला सरांनी माझ्या बाला बोलावलं, तेव्हा तो घरोघर सांगत फिरला. सरांचा मेसेज मीच वाचून दाखवला होता. 'वडिलांना फासे घेऊन यायला सांग. तितर जिवंत पाहिजे.' शिकारीला कायद्यानं बंदी, म्हणून बानं ती कधीच सोडली होती. सोयाबीन सोंगायला, कापणीच्या मजुरीला जायचा. तरी मजुरी बुडवून दोन दिवस माळावर बसला आणि एक तितर धरलं.

"पोरीच्या सरानं मांगलं. नाही कसं म्हनू?"

स्टेजवर बानं फासा लावून दाखवला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांत वनखात्याचे एक साहेब होते. टाळ्या थांबल्यावर ते उठले.

"तितर कुठून आणलं रे?"

बा हसतच म्हणाला, "माळावरून धरलं, साहेब. सरानं आनाले लावलं."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी कायले सांगू? या लोकायची सवयच हाय."

साहेबांनी बाच्या कानाखाली मारली. बा पडला. लोकांनी मोबाइल पुन्हा वर केले. त्याला उचलून जीपकडे नेलं, तेव्हा तो गर्दीत मला शोधत होता. मी तिथंच होते. पानं बांधून. पुढे झाले नाही. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. कागद तयार होता. बाप सराईत शिकारी आहे, कॉलेजचा काही संबंध नाही, असं माझ्या नावानं लिहिलेलं.

"सही कर. बाप तर आत गेलाच. तू तरी शिक."

मी कागद दोनदा वाचला.

"सर, माह्या बापाले तुमीच बलावलं. मेसेज माह्या फोनात हाय. मी सही नाही करत."

"परीक्षा माह्या हातात हाय."

"असू द्या."

तिथून सरळ वन कार्यालयात गेले. मेसेज दाखवला. तिथला बाबू म्हणाला, "कोर्टात दाखव." कोर्टात दाखवला. बा अकरा दिवसांनी जामिनावर सुटला. एका कानानं त्याला आता ऐकू येत नाही. त्या वर्षी मी नापास झाले. सर अजून शिकवतात.

बा म्हणतो, "मिटव वं माय. त्यायच्यापुढं आपलं काय चालते?"

मी मिटवत नाही. पुन्हा परीक्षा दिली, पास झाले, आता वकिलीच्या प्रवेशाची तयारी करते. सरांनी दोनदा माणूस पाठवला, माफी मागतो म्हणून. मला त्यांची बंद खोलीतली माफी नको. त्यांनी भर कोर्टात उभं राहावं, माझ्या बाचं पूर्ण नाव घ्यावं आणि खरं सांगावं. तोवर बाच्या केसची एकही तारीख मी चुकवणार नाही.