येशूपण तुमीच का?

कडा गावची रूपाली दर रविवारी चर्चमध्ये लेकरांना बायबलच्या गोष्टी शिकवते. तिचा नवरा सतीश साखर कारखान्यात वेल्डर. नाताळात कापसाची दाढी लावून तोच सांता व्हायचा. "खेळ म्हणून करा, पण पोरीला खरं म्हणून सांगू नका," असं रूपाली त्याला दरवर्षी बजावायची. तो हसण्यावारी न्यायचा.

यंदा नाताळाला तीन दिवस उरले होते. रूपाली करंज्या तळत होती, सतीश शेजारी बसून त्या भरत होता. त्यांची आठ वर्षांची सायली पप्पाच्या पेटीत नाताळची चांदणी शोधायला गेली आणि लाल झगा घेऊनच बाहेर आली. झग्याच्या खिशात तिचीच गेल्या वर्षीची चिठ्ठी होती. 'सांता, आजीला चालता येऊ दे.' आजी, चतुराबाई, पावसाळ्यात वारली होती.

"ही चिठ्ठी पप्पाकडं कावून?"

सतीश गडबडला. "अगं, सांताच ठेवून गेला..."

"पुरे!" रूपाली ओरडली. "आता आणखी खोटं नको. सायली, सांता पप्पाच होतात."

सायलीनं दोघांकडं पाहिलं. "मी येशूलाबी हेच मागितलं होतं. येशूपण तुमीच का?"

कढईतल्या करंज्या काळ्या पडल्या. त्या दिवसापासून सायली जेवणाआधीच्या प्रार्थनेला बसेना. सतीश बायकोवर चिडला, "तूच तोडलंस तिचं मन." रूपाली आतून पार हादरली होती. सांतासोबत पोरीचा देवही गेला तर?

पोरीशी पुन्हा खोटं नको म्हणून नाताळच्या सकाळी सतीशनं चर्चमध्ये सगळ्या लेकरांसमोरच झगा चढवला. "मी सायलीचा पप्पा. आज सांताचं सोंग घेतोय." लेकरं खिदळली. पोरांना घेऊन आलेल्या केशरबाई मात्र तिथंच भांडायला उठल्या, "आमच्या पोरांचा सण कशाला मोडता?" सायली मान खाली घालून बसली होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "येशूनं आजीसाठी माझं ऐकलं कावून न्हाई?"

"मला ठाऊक न्हाई," रूपाली म्हणाली. "मीबी लई रडून मागितलं होतं. पण तो हाय, हे मी तुला खूश करायला सांगत न्हाई. माझा भरवसा हाय त्याच्यावर."

पुढं दोन महिने सायली प्रार्थनेपासून लांबच राहिली आणि रूपालीनंही एकदासुद्धा बळजबरी केली नाही. मार्चमध्ये, परीक्षेच्या सकाळी, सायली आपणहून प्रार्थनेला बसलेल्या आईशेजारी येऊन बसली. "तू म्हण," ती म्हणाली, "मी ऐकते."