शीतलचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये नाही, निवृत्तीच्या दिवशी माइक हातात होता तेव्हाही नाही. तेव्हा तर मुळीच नाही — लोक माझं कौतुक करत होते, आणि आपलं कौतुक चाललेलं असताना मधे कोण तोंड घालतं? तुम्हाला का सांगतोय, तेही मला धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

मी पीटीचा मास्तर होतो. परतूर तालुक्यात, आष्टीच्या जवळच्या एका शाळेत. आमच्याकडे मुली बेसबॉल खेळतात म्हटलं की बाहेरची माणसं हसतात. हसू द्या. क्रिकेटला जिल्ह्यात संघ उदंड, बेसबॉलला मुलींचे तीन-चार. दोन सामने मारले की विभाग, तिथे नशीब उघडलं की राज्य. आणि राज्यावर खेळलेल्या पोरीला दहावीत वाढीव गुण. त्यामुळे हा खेळ आमच्या भागात खेळवेड्यांपेक्षा गणितात अडकलेल्यांनीच जास्त वाढवला. मीसुद्धा नियम पुस्तकात वाचूनच शिकलो. पण मग तो मला आवडायला लागला. आणि एक गोष्ट मला खरंच जमायची — हात ओळखणं. कोणत्या लेकराच्या खांद्यात काय दडलंय, हे मला चार बॉलांत कळायचं. दुसऱ्या शाळांचे मास्तर मला मुद्दाम बोलवायचे. सरांचा डोळा, म्हणायचे. मलाही ते ऐकायला गोड लागायचं.

शीतल आठवीत असताना माझ्या नजरेला पडली. मेंढरंवाल्यांच्या घरातली, म्हणून पुढे पेपरवाल्याने गोफणीचं काहीतरी रंगवून लिहिलं. तिने कधी गोफण हातात धरल्याचं मला तरी माहीत नाही. तिचे वडील दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत सालगडी होते. फळगळ झाली की खाली पडलेली, सडकी मोसंबी वेचून लांब खड्ड्यात टाकावी लागते, नाहीतर रोग पसरतो. सगळे टोपलीत भरून नेतात. ही बया झाडाखालूनच फेकत होती. बांधाच्या वरून, थेट पलीकडच्या खड्ड्यात — आणि एक फळ बाहेर जाईल तर शपथ! मी मोटारसायकल लावली आणि बघत उभा राहिलो. खांदा सैल, मनगट अगदी शेवटाला वळणारं, डावा पाय आपोआप पुढे पडणारा. हे शिकवून येत नाही. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. निर्मळ आनंद. तो होता, एवढं तरी माझ्या बाजूने नोंदवून ठेवू का? नको. त्याने काही फरक पडत नाही.

वर्षभरात ती अशी तयार झाली की समोर बॅट घेऊन उभी राहिलेली मुलगी डोळे मिटायची. तिचा बॉल मी स्वतः कॅचरचा ग्लोव्ह घालून झेलायचो. ग्लोव्हमध्ये बॉल पडला की असा आवाज यायचा की वर्गातली पोरं खिडकीशी जमायची. वेग मोजायचं मशीन आमच्याकडे कुठलं? आवाजच आमचं मशीन. पुण्याकडच्या एका निवासी क्रीडा केंद्रात मुली निवडतात, राहणं-खाणं-शाळा सगळं तिथेच, असं मला कळलं. मी फोन केला. मीच केला, कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या निवड करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, येऊन बघते. अट एकच — नववीपर्यंतचीच मुलगी घेतात, दहावीत गेली की दार बंद. शीतल नववीत होती. म्हणजे हीच एक वेळ.

फोन झाला आणि नंतर विभागाचा सामना आला. आम्ही तो थोडक्यात हरलो. परत येताना जीपमध्ये सगळ्या पोरी रडत होत्या आणि हेडमास्तर पुढच्या सीटवरून म्हणाले, पुढच्या वर्षी राज्य आपलंच, शीतल आहे ना. मी हो म्हणालो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं — पुढच्या वर्षी शीतल नसेल. मीच तिला पाठवून दिलेलं असेल.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा एकही संघ राज्यावर गेला नव्हता. मला जायचं होतं. कुणाचं भलं व्हावं म्हणून नाही, पोरींच्या गुणांसाठीही नाही. मला जायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग फोन करून मॅडमना येऊ नका म्हणायचं. पण तसं केलं असतं तर शीतलच्या बापाला, हेडमास्तरांना, सगळ्यांना कळलं असतं, नाही का? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आलो की मी काही ठरवलं नव्हतं, ते आपलं होत गेलं. खोटं आहे. मॅडम दुपारनंतर येणार होत्या. मी शीतलला त्याच दिवशी सकाळी आठला मैदानावर यायला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. मग ठरवलं नव्हतं कसं?

बेसबॉल न खेळलेल्या माणसालाही सांगतो, म्हणजे नीट कळेल. निवडीच्या दिवशी पिचरने आधी थोडेसे बॉल टाकायचे असतात. हात मोकळा झाला की थांबायचं, सावलीत बसायचं, हात झाकून ठेवायचा. हात विहिरीसारखा असतो, उपसला की भरायला वेळ लागतो. हे मी इतर शाळांच्या मास्तरांना शिकवत होतो. शीतलला मात्र हे माहीत नव्हतं, कारण तिला जे माहीत होतं ते सगळं माझ्याकडूनच आलेलं.

फेब्रुवारीचं ऊन होतं. मी ग्लोव्ह घालून बसलो आणि म्हणालो, टाक. ती टाकत राहिली. पहिला तास आवाज नेहमीचा. नंतर आवाज बसायला लागला. मला तो ऐकू येत होता — माझ्या तळहाताला कळत होतं, बॉल हलका पडतोय. मी म्हणालो, अजून. तिने खांदा चोळला.

"सर, हात भरून आला."

"भरून आला म्हणजे गरम झाला. छान आहे. टाक."

तिने मान हलवली आणि टाकला. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता. पुढे कितीतरी वेळ ती टाकत होती आणि मी बॉल परत फेकत होतो. शेवटी ती म्हणाली, "बस सर, आता हात वर जात न्हाई." मी उठलो, ग्लोव्ह काढला आणि म्हणालो, "बघ बाई, तुझी मर्जी." हे वाक्य मी का बोललो असेन? थांबण्याचा दोष तिच्याकडे जावा म्हणूनच ना?

मॅडम आल्या. शांत बाई होत्या, टोपी घालून उन्हात उभ्या राहिल्या. शीतलने बॉल टाकले. पाय बराबर, मनगट बराबर, पण बॉल येत होता तो एखाद्या आजाऱ्यासारखा. मॅडमनी थोडा वेळ पाहिलं आणि तिला पाणी प्यायला पाठवलं. मग माझ्याजवळ आल्या.

"सर, हिची ॲक्शन इतकी सुंदर आहे, मग जोर का नाही? सकाळी टाकून थकलीय का? तसं असेल तर मी रात्री मुक्काम करते, उद्या पुन्हा बघते."

उद्या पुन्हा बघते. त्या बाईने दार उघडं धरलं होतं. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही मॅडम, आत्ताच घरून आली. एवढाच आहे तिचा जोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'सरांचा डोळा' त्यांच्याही कानावर आलेला होता. सर म्हणतात तर तसंच असेल, असं त्यांना वाटलं असणार. त्या गेल्या. शीतल पाण्याच्या टाकीजवळ उभी होती, तिने यातलं काही ऐकलं नाही. मी तिला जाऊन सांगितलं, "होतं असं. मनाला लावून घेऊ नको." ती रडली नाही. मला म्हणाली, "सर, तुमी सकाळपासून माझ्यासाठी उन्हात बसलात, आन माझ्यात दमच न्हाई निघाला."

पुढच्या वर्षी आम्ही राज्यावर गेलो. पहिलाच सामना हरलो, पण गेलो. गावात माझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, मातीतले हिरे शोधणारा माणूस वगैरे. शीतल पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. दहावीनंतर ती खेळली नाही. मी एकदा विचारलंही, का गं? म्हणाली, मोठ्या मॅडमनी बघितलं ना सर, मंग अजून कुणाला दाखवू?

मला या सगळ्याचं काय वाटतं, असं तुम्ही विचाराल. लाज वाटते, झोप येत नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण झोप येते. जेवण जातं. बराच काळ मला यावर काहीच वाटत नाही, पाय मुंग्या येऊन बधिर व्हावा तसं. हेच खरं तर सगळ्यात वाईट आहे.

गेल्या हिवाळ्यात जालन्याला शालेय स्पर्धा होती आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मैदानावर शीतल भेटली. लग्न होऊन जुन्या जालन्यात असते, नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. एका खाजगी शाळेत ती खेळ शिकवते, तिचा संघ घेऊन आली होती. धावत येऊन पाया पडली. तिच्या पोरींना म्हणाली, हे माझे सर, मला जे येतं ते यांचंच. एक बारीकशी मुलगी कडेला बॉल टाकत होती, शीतलच्या संघाची पिचर. दर बॉलनंतर ती आपलं कोपर धरत होती, तोंड उतरलेलं. सामना दुपारी होता.

"सकाळपासून टाकून राह्यली," शीतल मला कौतुकाने म्हणाली. मग तिला ओरडली, "थांबू नको गं, टाक!" आणि आवाज खाली आणून मला म्हणाली, "माझी तीच चूक झाल्ती ना सर. तुमी अजून टाक म्हणत व्हतात, आन मी बस म्हणलं. तेवढे टाकले असते तर हात मोकळा झाला असता. मी कुठल्याच पोरीला थांबू देत न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणालो, "बराबर आहे."

तेवढ्यात स्टेजवरून माझं नाव पुकारलं आणि मी गेलो. दुपारी ती मुलगी लवकरच बदलावी लागली. मी खुर्चीवरून बघत होतो. शीतल तिच्यासमोर उकिडवी बसून, तिचा हात हातात घेऊन काहीतरी समजावत होती, आणि मुलगी मान हलवत होती. बक्षिसं वाटून मी संध्याकाळच्या बसने घरी आलो. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.