येऊ का आत?

माझी धाकटी बहीण शैला भुताच्या जागेत शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर चपला काढायची आणि विचारायची, "येऊ का आत?" सख्ख्या बहिणीच्या घरात मात्र न विचारता थेट फ्रिज उघडायची.

तिला मेलेली माणसं जाणवायची. कुणाचा फ्लॅट विकला जात नाही, कुठल्या बंद कारखान्यात पावलं वाजतात, की पनवेलमध्ये लोक म्हणत, बोलवा शैलाताईंना. जायची तीही भरदुपारी. "रात्री काय जायचं कुणाच्या घरी? झोपायची वेळ असते," म्हणायची. एकदा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या एका गोदामात मी तिच्यासोबत गेले होते. रखवालदार दारातच अडला. "आत कोन तरी हाय, बाय. आमी नाय जात." शैला पत्र्यांच्या थप्पीवर ऐसपैस बसली आणि रिकाम्या कोपऱ्याला म्हणाली, "जेवलात का?" मग बराच वेळ मान डोलवत ऐकत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. "ताई, भूत म्हणू नये गं. कुणाचं काही राहिलेलं असतं, म्हणून तो थांबतो." रखवालदार तिच्या पाया पडला. मी तिची पर्स धरून उभी होते.

तिचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. ते काही नवं नव्हतं. आईची लाडकी तीच; भातावर तुपाची धार तिच्या ताटात जरा जास्तच रेंगाळायची. आईचं शेवटचं दुखणं काढलं मी. शैला सणावारी येऊन उशाशी बसायची आणि आई तिचाच हात धरून ठेवायची. आई गेल्यावर वाटलं, आता तरी माझ्याशी काही बोलेल. रोज तिच्या खोलीत जाऊन बसायचे. काही नाही. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि शैलाला बोलावलं.

आईच्या खोलीबाहेर तिनं चपला काढल्या, विचारलं, आत जाऊन कॉटवर बसली. आणि लगेच बाहेर आली.

"इथे कोणी नाही, ताई."

"तुझ्याकडे गेली असेल."

"वेडी आहेस का? तू तिचं काही राहू दिलंस का? मग थांबेल कशाला ती?"

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की आईची थोडी हयगय केली असती तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी शैलाही गेली, झोपेतच. खांदा कॉलनीतला तिचा फ्लॅट बंद आहे. हल्ली शेजारी सांगू लागले, आतून भांड्यांचा आवाज येतो. माझा जीव राहीना. दुपारीच रिक्षा करून गेले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. "येऊ का गं आत?" म्हटलं. आत बसून "जेवलीस का?" असंही विचारलं. ऊन उतरेपर्यंत बसले. स्वयंपाकघराच्या तुटक्या खिडकीतून एक मांजर ये-जा करत होतं, तेवढंच.

म्हणजे तिचंही काही राहिलं नव्हतं. निदान माझ्यापाशी तरी नाही. सरळ आईकडेच गेली असणार. आता तिकडे दोघीच, आणि तुपाची धार पुन्हा तिच्याच ताटात.