श्रावणातलं सिंगापूर आणि इराच्या सरड्याला घडलेला उपास

श्रावणात सिंगापूरला जाऊ नकोस, खायचे हाल होतील, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण तिकीट याच दिवसांत स्वस्त मिळत होतं आणि दादा कधीचा बोलावत होता. निघाले. हाल झाले खरे, पण माझे नाहीत.

विमानतळावरून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तोआ पायोहला सहज पोचता येतं, टॅक्सीच्या नादी लागू नका. दादाचा फ्लॅट तिथेच. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, एक शाकाहारी चिनी स्टॉल आहे, दोन-तीन डॉलरमध्ये शेवयांची भरगच्च प्लेट मिळते. फक्त अंडं नको म्हणून आधीच सांगा. साबुदाणा लिटल इंडियात हवा तेवढा.

दादाची नऊ वर्षांची इरा, तिने आल्याआल्या मला पिको दाखवला. पिको म्हणजे चक्क सरडा! बोटभर, हिरवागार, काचेच्या पेटीत फांदी धरून बसलेला. तिने चिमट्यात जिवंत अळी धरली. सटकन जीभ आली, अळी गायब. "अगं बाई!" मी किंचाळलेच.

"मस्ट बी अलाइव्ह लाह, आत्या," इरा हसत, सिंगापुरी लहेजात म्हणाली. "हलली नाही तर तो खातच नाही."

शाळेच्या सुट्टीत आठवडाभर दादा, वहिनी आणि इरा मलेशियाला गेले. माझा व्हिसा एकाच प्रवेशाचा, बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. (तुम्ही आधीच चौकशी करा.) पिकोला भरवायचं काम माझ्याकडे आलं. "रोज हं, आत्या. प्रॉमिस?" केलं प्रॉमिस.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. पूजा करून पिकोच्या खाऊची डबी उघडली, तर कोंड्यात अळ्या वळवळताहेत. आजच्या दिवशी माझ्या हातानं जीवहत्या? छे! खाली जाऊन सगळ्या झुडपांत सोडून दिल्या. काय पुण्यवान वाटलं म्हणून सांगू! पिकोला भिजवलेली मूगडाळ आणि भोपळ्याचा कीस ठेवला. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. भूक लागली की खाईल, म्हटलं. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात अळ्या मिळत होत्या, पण सबंध श्रावणच आहे ना, म्हणून गेले नाही.

त्या महिन्यात चिनी लोकांचे भुकेले पितर पृथ्वीवर येतात म्हणे. इमारतीखाली त्यांच्यासाठी भात, संत्री, चहा मांडलेला असायचा. मी कौतुकाने फोटो काढायचे आणि वर येऊन खिचडी खायचे. इराचा रोज फोन. "पिको खातोय ना?" "हो गं, मस्त!" मी बेधडक सांगायचे.

परत आल्यावर इरा थेट पेटीकडे धावली. पिको तळाशी पडला होता. काळपट, डोळे खोल गेलेले, शेजारी वाळलेली डाळ. तिने डाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

"डॉक्टरकडे नेऊया," मी म्हटलं.

"अगं, इथे सरडा पाळायला परवानगी नाही," दादा म्हणाला. "मित्राने दिला, इराचा हट्ट, म्हणून गुपचूप ठेवला. डॉक्टरकडे नेला तर सगळं सांगावं लागेल. मग तो परत मिळायचा नाही."

शेवटी इराच म्हणाली, "टेक हिम, बाबा." आणि जरा वेळाने, "तिथे त्याला अळ्या देतील ना?"

दादा पिकोला प्राण्यांच्या सरकारी ऑफिसात देऊन आला. वाचेल, असं तिथले लोक म्हणाले. इरा मला एक शब्द वाकडा बोलली नाही. रोज "गुड मॉर्निंग, आत्या" म्हणायची. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

मी पुण्याला परतले त्या संध्याकाळी सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, "परदेशात राहूनसुद्धा हिने एक सोमवार मोडला नाही हो!" मी मान खाली घालून कपांत चहा ओतत राहिले.

"एवढं करून गर्व म्हणाल तर नावाला नाही," शेजारच्या काकू म्हणाल्या.