भरलेलं पद

ऋतिका पावसे बी.कॉम. झाली आणि रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी संगणक ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा तिच्या आईनं, मथुरेनं, सगळ्या खारपाखाडीत पेढे वाटले. बाजारात मासळीच्या टोपलीपुढे बसून ती गिऱ्हाइकांनाही सांगायची, "पोरगी सरकारात लागली हाय." कंत्राट अकरा महिन्यांचं असतं, ते संपलं की पुन्हा हात जोडायचे, हे ऋतिकानं किती समजावलं तरी मथुरेच्या डोक्यात शिरत नव्हतं.

खारपाखाडी म्हणजे खाडीकाठची कोळ्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथं राहतात, पण सरकारी नकाशावरची गावठाणाची हद्द वस्तीच्या अलीकडेच संपते. वादळात पावश्यांच्या घराची मागची भिंत कोसळली, तिथं ताडपत्री आली ती आलीच. घरकुल मंजूर झालं आणि परत गेलं, कारण जागा गावठाणात नाही. गावठाण वाढवायचं तर आधी मोजणी, मग आराखडा. आणि ते काम अडलं होतं नेमकं ऋतिकाच्या कार्यालयात. तिथला भूमापक निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी कुणीच आलं नव्हतं.

"तू तिथंच बसतस ना गो? मग सांग की साहेबाला," वडील, भिकाजी, दर चार दिवसांनी म्हणायचे. ते जन्मभर होडीवर तांडेल होते. त्यांनी हाक दिली की खलाशी हलायचे. हाक मारूनही कुणी हलत नाही अशी जागा त्यांनी पाहिलीच नव्हती.

शेवटी मथुरेनंच तोंड उघडलं. आमदार जेटीच्या उद्घाटनाला आले होते. ती माणसं बाजूला सारत पुढे गेली आणि म्हणाली, "सायेब, आमच्या घराला भिंत नाय. मोजणीला माणूस नाय म्हणतत. मग आम्ही मेल्यावर मोजाल काय?" आमदार हसले नाहीत. त्यांनी सहायकाला लिहून घ्यायला लावलं.

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं आणि एका दुपारी आमदारांनी सभागृहात लावलेला तारांकित प्रश्न उत्तरासाठी ऋतिकाच्याच टेबलावर आला. खारपाखाडीतील कुटुंबे घरकुलापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय; भूमापकाचे पद रिक्त असल्याने मोजणी रखडली आहे, हे खरे आहे काय; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आपल्या आईचं बोलणं इतक्या नेटक्या भाषेत परत आलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

शाखेचे प्रमुख खेडेकर म्हणाले, "उत्तराचा मसुदा कर. आहे ते लिही."

तिनं लिहिलं, "होय, हे खरे आहे." दोन्हीकडे. खेडेकरांनी चष्मा पुसून ते वाचलं आणि सही केली. "खरं आहे, म्हणून सही करतोय. पण हा कागद बराच वर चढायचाय, बाई. वरपर्यंत असाच पोचेल असं समजू नको."

छापील उत्तर आलं ते वस्तीतल्या सागरच्या मोबाइलवरून, आणि घरोघर फिरलं. "हे खरे नाही. सदर कार्यालयात कंत्राटी पद्धतीने पद भरण्यात आले आहे. सबब विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही."

ऋतिकाला आधी कळेचना. भरलं? कुणी? मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कार्यालयात कंत्राटी माणूस एकच होतं. भूमापकाच्या खुर्चीवर सरकारनं तिलाच बसवलं होतं, जिनं मोजणीची साखळी कधी हातात धरली नव्हती.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. मोजणीची बाई आपलीच, आणि आपलीच मोजणी करीत नाय! मथुरेनं टोपली आपटली. "म्हंजे मी आमदारासमोर खोटा बोललंय?"

"आये, तू नाही, त्यांनी खोटं सांगितलंय."

"आणि तुला पुढं करून सांगितलान! आणि तू गप?"

ते तिच्या वर्मी लागलं. तिनं खेडेकरांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला निवृत्तीला वर्ष राहिलंय." त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती नुसती शिसारी, सगळ्याचीच.

सुट्टीच्या दिवशी ती आईला घेऊन आमदारांच्या कार्यालयात गेली आणि स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, की मी भूमापक नाही, ऑपरेटर आहे, आणि मोजणी झालेली नाही. सहायकानं कागदाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "नोकरीचं काय?"

"जी मी करतच नाही त्या नोकरीचं?" ती म्हणाली. पण जिना उतरताना ती कंत्राटाचे किती महिने उरलेत ते बोटांवर मोजत होती.

कंत्राट संपलं तेव्हा ते पुढे वाढलं नाही. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं, "मुदत संपली." ती मिरकरवाडा बंदरावर एका बर्फ कारखान्याच्या हिशेबाला लागली.

पुढच्या अधिवेशनात आमदारांनी प्रश्न पुन्हा लावून धरला. या वेळी उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे. पद रिक्त असून ते भरण्याची कार्यवाही सुरू आहे." तिनं ते घरी वाचून दाखवलं.

"अंशतः म्हंजे?" मथुरेनं विचारलं.

"थोडंसं खरं."

"थोडासा? भिंत काय थोडीशी पडली?"

ऋतिकाला हसू आलं नाही. एवढं सगळं करून पदरात एक शब्द पडला होता, तोही अर्धवट. भिकाजी उठले. पुढच्या आठवड्यात त्यांनी भिंतीसाठी चिऱ्यांचा ट्रक मागवला. परवानगी नव्हती, नोटीस येईल हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी वस्तीतली माणसं आली, कुजबुजणारीही आली, आणि हातोहात चिरे पुढे सरकू लागले. ऋतिका सिमेंट कालवत होती. फावड्यानं हातावर फोड आले, दात आवळून ती कालवत राहिली. संध्याकाळी भिंत कमरेएवढी झाली तेव्हा भिकाजी म्हणाले, "बस झाला आज." ती थांबली नाही. घमेल्यातला उरलेला माल संपेपर्यंत ती चिऱ्यांच्या फटी भरत राहिली.