चावडीतला जबाब

लग्न होऊन शेळगावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, की या घरात कुणी 'आमचं रान' म्हणायचं नाही. रान इनामदारांचं, आपण नुसतं कसायचं. गुऱ्हाळातली पहिली ढेप वाड्यावर पोचवायची, तीही पायताण फाटकापाशी काढून. माळाचे दगड वेचून रान केलं ते आमच्या लोकांनी, विहीर खणली ती सासऱ्यांनी. पण 'आमचं' म्हटलं तर जीभ झडेल जणू! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग कुळकायदा आला. कसेल त्याची जमीन, असं जो तो बोलायला लागला. तालुक्याचे साहेब चावडीवर येऊन कुळाला विचारणार, आणि कुळ 'घेतो' म्हणालं की रान त्याचं होणार, 'नको' म्हणालं तर मालक ते काढून घेणार. यजमानांनी आदल्या दिवशी सासऱ्यांना पढवलं, "आबा, घेतो म्हणा. दुसरं काय बोलूच नका."

"व्हय रं, कळतंय मला," आबा म्हणाले.

चावडीत बघतो तर साहेबांशेजारी खुर्चीत इनामदार! आम्ही बायका दाराशी थांबलो. साहेबांनी विचारलं, "कसता ते रान विकत घेणार का?" आबांनी डोईचं पागोटं काढून हातात घेतलं.

"बोल की, भितोस कशाला?" इनामदार हसून म्हणाले.

"धनी म्होरं बसल्यात," आबा म्हणाले, "त्यांचं रान त्यांच्या तोंडावर कसं मागू? न्हाय पायजे आमाला."

"अवो, घेतो म्हणा की!" मी दारातून ओरडले.

आबांनी साहेबांना हात जोडले. "नवी सून हाय, अडाणी हाय. मनावर घिऊ नगा."

चावडी खदखदून हसली. साहेबांनी पुन्हा विचारलं, आबांनी पुन्हा तेच सांगितलं आणि अंगठा दिला. घरी येताना म्हातारा खुशीत होता, धन्यांनी खांद्यावर हात ठेवला म्हणून! भिडेपायी पिढ्यांची भाकर घालवली या माणसानं. भांडावं तरी कुणाशी?

सुगी होताच रान गेलं. इनामदारांनी तिथं कारखान्यासाठी ऊस लावला आणि आबा त्यातच रोजानं खुरपायला जाऊ लागले. खंगत गेले. शेवटी एवढंच म्हणाले, "मला हिरीच्या बांधावर जाळा."

ते गेल्यावर यजमान परवानगी मागायला वाड्यावर गेले. इनामदारांनी डोळे पुसले म्हणे. "सोन्यासारखा माणूस होता. पण ऊस उभा आहे रे, पाचट वाळलंय. ठिणगी पडली तर?"

"मग तुमी काय म्हणालात?" मी विचारलं.

यजमान खाली बघत म्हणाले, "बरोबर हाय म्हणालो."