डोरामावशींची अर्धी गोष्ट

उशाशी टेपरेकॉर्डर आहे. फीत फिरते आहे आणि माझ्या पापण्या जडावत आहेत. खिडकीतला पहाटेचा अंधार पातळ होऊ लागला आहे.

ग्रेनाडा बेटावरच्या कथेकरी आणि निबंधकार थिओडोरा ओगिस्त, म्हणजे माझ्या अनुवादातल्या डोरामावशी, यांना मी कधी पाहिले नाही. त्यांच्या कथा मराठीत आणताना दोन वर्षे केवळ त्यांचा आवाज सोबतीला होता. गेल्या फाल्गुनात त्या गेल्या. या फितीवर त्यांची शेवटची गोष्ट आहे. ती दुसरीकडे कुठेही नाही. त्यांच्याकडे गोष्ट सांगणारा मध्येच ‘क्रिक?’ असे विचारतो. ऐकणाऱ्यांनी ‘क्रॅक!’ म्हणून हुंकार द्यायचा. न दिल्यास गोष्ट तिथेच थांबते. ध्वनिमुद्रण करणारा माणूस काचेपलीकडे होता, त्याला हा रिवाज ठाऊक नसावा. गोष्टीत बुडालेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी समुद्रकाठी शंख कानाला लावते. ‘क्रिक?’ कुणीच बोलत नाही. खुर्ची सरकते. पुढे कोरी फीत.

आज ती खुर्ची माझ्या खोलीत सरकते.

त्या बसल्या आहेत. ओटीत जायफळे, बोटांना जायपत्रीचा लाल रंग.

“टँटीची मावशी केलीस होय रे माझी? अख्खं बेट मला टँटी म्हणतं.”

“आवडलं नाही तुम्हाला?”

“आवडलं की. पण मावशी म्हणायचं आणि इतकं लांब बसायचं? ये, हात चालव.”

मी जवळ सरकतो. खोलीवर आता पत्रे आहेत, खाली जायफळे वाळत पडली आहेत. पत्र्यांखाली रत्नागिरीचा एसटी स्टँड आहे. बाकांवरचे प्रवासी आमच्याकडे तोंड करून बसले आहेत आणि समुद्र त्यांच्या घोट्यांपर्यंत आला आहे.

“मुलीला शंखात काय ऐकू आलं?” मी विचारतो.

“असं कसं सांगू? रीत आहे ना काही. आणि उजाडल्यावर आमच्यात गोष्ट सांगत नाहीत. आटप.”

लालभडक जायपत्रीत गुंडाळलेले एक जायफळ त्या माझ्या अंगठ्याखाली ठेवतात. “दाबून धर, सोडू नकोस.” मग सगळ्यांकडे पाहत विचारतात, “क्रिक?”

प्रवासी माझ्याकडे पाहतात. शब्द मला ठाऊक आहे, कितीदा तरी लिहिला आहे. पण चारचौघांत मी मान खाली घालून नुसता जायफळ दाबत राहतो. पाणी गुडघ्यांशी येते.

“दोन वर्षं नुसते कान दिलेस,” त्या हळूच म्हणतात. “आवाज कोण देणार, तुझा बाप?”

मला हसू येते, रडूही येते. पत्र्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ त्यांच्या पदरावर पडते. त्या खुर्ची मागे सरकवतात. तो आवाज मी ओळखतो. तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

“क्रॅक!”

माझ्याच ओरडण्याने मी जागा होतो. उजाडले आहे. अंगठा दुखतो आहे. तो टेपरेकॉर्डरच्या ध्वनिमुद्रणाच्या लाल बटणावर घट्ट रुतलेला आहे.

फीत मागे नेऊन मी ऐकतो. ‘क्रिक?’ खुर्ची. लांबच लांब शांतता. मग माझा आवाज, मलाच अनोळखी वाटावा इतका मोठा. आणि त्यानंतर, बोलण्याआधी कुणी घ्यावा तसा एक श्वास.

माझाच असेल, असे म्हणत मी फीत थांबवतो. आणि पुन्हा मागे नेतो.